ताणावर व्यायाम: कुठला, किती आणि कुठे चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, घर डोंबिवलीला, नोकरी फोर्टमध्ये हिशेब विभागात, रोज येऊन-जाऊन तीन तास लोकलमध्ये. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि मग डोळा लागत नाही. मान-खांदे कायम भरलेले, रात्री जेवल्यावर जळजळ, आणि बीपी दोनदा मोजलं तेव्हा दोन्ही वेळा १३८/८८. डॉक्टरांनी अजून गोळी दिलेली नाही. ‘ताण कमी करा, व्यायाम करा’ एवढंच सांगितलं. जिम दोनदा लावली, दोन्ही वेळा तीन आठवड्यांत सुटली. मग कुठला व्यायाम करायचा, किती आणि कधी?

जिम सुटली म्हणून स्वतःला आळशी ठरवू नका. या अवस्थेत तीन आठवड्यांत व्यायाम सुटतो तेव्हा बहुतेक वेळा मात्रा चुकलेली असते. व्यायाम हासुद्धा शरीराला ताणच असतो. आधीच थकलेल्या, झोप न झालेल्या शरीरावर एकदम तासाभराची जिम टाकली, तर एका ताणावर दुसरा ताण बसतो. ठरावीक वेळेत सुरू होऊन ठरावीक वेळेत संपणारा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शरीर पूर्ण सावरेल एवढाच ताण घेणं, हे या उपायाचं मर्म आहे. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आधी शरीरात काय होतं ते पाहू, कारण ते कळलं की मात्रा का सांभाळायची ते आपोआप कळतं. प्रत्येक मूत्रपिंडाच्या टोकावर जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची अधिवृक्क ग्रंथी बसलेली असते. साहेबांचा फोन आला, ताळेबंद जुळेना, गाडी चुकली, की तिच्या आतल्या भागातून काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन सुटतं. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, यकृत साखर रक्तात सोडतं. मागोमाग मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्यूटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून अधिवृक्काच्या बाहेरच्या थराला निरोप जातो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढू लागतं. त्याचा रक्तातला चढ साधारण २० ते ३० मिनिटांनी शिगेला पोचतो. म्हणजे फोन दोन मिनिटांत संपला तरी शरीरातला गोंधळ पुढे तासभर चालू राहू शकतो, आणि तेवढ्यात दुसरा फोन आलेला असतो.

ही सगळी तयारी पायांसाठी असते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास तिचं वर्णन ‘लढा किंवा पळा’ असं केलं. खुर्चीत बसलेला माणूस लढतही नाही आणि पळतही नाही. साखर रक्तात आली, पण मांडीच्या स्नायूंनी ती मागितलीच नाही. बीपी वर गेलं, पण त्या वाढीव रक्ताला जायला जागा नाही. असं महिनोन् महिने चाललं की पोटाभोवती चरबी साठते, इन्शुलिनचा असर कमी होतो, बीपीचा पारा थोडा वरच स्थिरावतो. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं, की ताणाचं कारण काहीही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा एकाच साच्याचा असतो, आणि तो फार काळ चालला तर शरीर थकून हार मानतं.

हे फक्त मनाचे खेळ नाहीत, याचे दोन पुरावे मला फार महत्त्वाचे वाटतात. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले गेले. ज्यांचा ताण जास्त, त्यांना सर्दी होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. १९९५ मध्ये अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. तशाच वयाच्या, पण सेवेचा भार नसलेल्या स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. घरात आजारी माणसाचं करणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. ताणाने कातडी भरायलासुद्धा उशीर होतो.

आता तुमची तक्रार. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत खाली असतं आणि उत्तररात्रीपासून सकाळच्या तयारीसाठी चढू लागतं. झोपही त्या वेळी उथळ होत जाते. दिवसभर ताणलेल्या माणसाला म्हणूनच तीन-चारला जाग येणं सोपं आणि परत झोपणं अवघड. मानेचं तसंच: माउस धरलेल्या हाताचा खांदा नकळत अर्धा-पाऊण इंच वर उचललेला राहतो आणि मान ते खांदा हा स्नायू आठ तास सैल पडतच नाही. जळजळीला ताण हातभार लावतो, पण रात्री साडेदहाचं जेवण आणि दिवसाचे सहा चहा हे त्याहून मोठे गुन्हेगार असू शकतात.

इथे एक सावधगिरी. ‘ताण’ हे नाव एकदा चिकटलं की पुढचा तपास थांबतो, आणि ते धोक्याचं आहे. पोटातला अल्सर कित्येक वर्षं ताणाच्या नावावर खपला. प्रत्यक्षात बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात, आणि हा जिवाणू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तेव्हा थायरॉइड, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि बी-१२ एकदा तपासून घ्या. घरच्यांना विचारा, झोपेत जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं होतं का. होत असेल तर तीनची जाग कदाचित तिथूनच येते आणि बीपीसुद्धा. चालताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर यांपैकी काहीही असेल तर खालचं काही सुरू करू नका, आधी डॉक्टर.

बीपी घरी नीट मोजा, कारण दवाखान्यातले दोन आकडे पुरेसे नाहीत. चहा, सिगारेट, व्यायाम यानंतर निदान अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर आधार देऊन पाच मिनिटं गप्प बसा. मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ असं सात दिवस; पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर व्यायाम करून बघू म्हणत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

व्यायाम नेमकं काय करतो? साखर आणि रक्त यांना जायला जागा देतो, ही पहिली गोष्ट. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढतो. व्यायाम संपल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी पुढचे काही तास नेहमीपेक्षा खाली राहतं. ज्यांचं बीपी वाढलेलं आहे त्यांच्यात नियमित चालण्याने वरचा आकडा साधारण पाच ते आठने उतरतो. तुमच्यासारख्या सीमेवरच्या माणसाला हा फरक मोठा आहे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: ताणातून परत खाली येण्याची शरीराला रोज तालीम मिळते. नाडी वर जाते आणि मेंदूतून हृदयाकडे जाणारी व्हेगस नर्व्ह तिला पुन्हा खाली आणते. तालीम झालेली ही यंत्रणा ऑफिसातल्या भांडणानंतरही तुम्हाला लवकर जागेवर आणते. (एंडॉर्फिन या शरीरातल्याच वेदनाशामक रसायनाची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण ते रक्तातून मेंदूत सहजी जात नाही. व्यायामानंतरच्या हलकेपणाचं श्रेय त्याला एकट्याला देणं बरोबर नाही.)

१९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसगाड्यांचे चालक आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकार जास्त आणि जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत कमी दिसला. पुढे त्यांनीच गणवेशांची मापं तपासली तेव्हा चालक मुळातच पोटाने सुटलेले होते असंही निघालं, म्हणजे सगळं श्रेय जिन्याचं नव्हतं. पण बसून केलेलं काम आणि हृदय यांचा संबंध तिथून पुढे कोणी नाकारू शकलं नाही. लोकलमध्ये दीड तास उभं राहणं मात्र कंडक्टरचं काम नव्हे. पाय दुखतात, पोटऱ्यांत रक्त साचतं, गर्दीचा ताण वर, आणि हृदयाला काम काहीच नाही. तो वेळ व्यायामात धरू नका.

आता मात्रा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुषांना ३० मिनिटं वेगवेगळ्या जोराने व्यायाम करायला लावला: क्षमतेच्या ६० आणि ८० टक्के जोराने कॉर्टिसॉल वाढलं, ४० टक्क्यांना मात्र उतरलं. निरोगी, झोप झालेल्या माणसाला ती वाढ चांगलीच असते. सवय होते, शरीर मजबूत होतं. तुम्ही सध्या तिथे नाही. म्हणून पहिला महिना मुद्दाम सौम्य ठेवायचा.

पहिले दोन आठवडे फक्त चालायचं, आठवड्यातून पाच दिवस. तीन मिनिटं रमतगमत, बारा मिनिटं झपझप, पाच मिनिटं पुन्हा हळू. ‘झपझप’ म्हणजे किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. आकडाच हवा असेल तर २०८ मधून वयाचा ०.७ पट वजा करा; ४३ व्या वर्षी कमाल नाडी साधारण १७८ येते, आणि मध्यम जोर म्हणजे तिच्या ६४ ते ७६ टक्के, मिनिटाला ११४ ते १३५. पहिल्या पंधरवड्यात ११५-१२० च्या वर जाऊ नका. बीपी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी दाबलेली राहते. तेव्हा आकडा सोडून बोलण्या-गाण्याचीच कसोटी लावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपाशीपोटी बाहेर पडू नका, खिशात साखर ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मधली बारा मिनिटं वीसवर न्या. पाचव्यापासून तीसवर. आठव्या आठवड्याअखेर पाच दिवस गुणिले तीस म्हणजे १५० मिनिटं होतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्यांसाठी किमान आकडा तोच आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा. एका दमात होत नसेल तर दहा-दहाचे तुकडेही चालतात. दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटं फोर्टात एक फेरी मारली तर जेवणानंतरची साखरही कमी चढते.

शेवटची पाच मिनिटं हळू चालणं लोक सर्रास गाळतात. वेळ झाला म्हणून थेट घरात शिरतात, अंघोळीला पळतात. एकदम थांबलं की पायांतलं रक्त पायांतच राहतं, गरगरतं, घाबरल्यासारखं वाटतं. आणि मुख्य म्हणजे परत खाली येण्याची जी तालीम आपल्याला हवी होती तीच बुडते. एक साधं मोजमाप ठेवा: झपझप चालणं संपताच नाडी, आणि मिनिटभर हळू चालून पुन्हा नाडी. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं, १५ सेकंद, गुणिले चार. दोन आकड्यांतला फरक वहीत लिहा. आठवड्यागणिक तो वाढू लागला की औषध लागू पडतंय असं समजा, वजनकाटा हलला नसला तरी.

तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, पंधरा मिनिटं ताकदीची. साधन म्हणून हात नसलेली पक्की खुर्ची आणि एक रबरी पट्टा पुरे. सगळ्यात आधी खुर्चीवरची उठबैस. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही. पाय खांद्याइतके फाकवून, चवडे जरा बाहेर. हात समोर. मनात तीन मोजत कंबर मागे नेत खाली या, बैठकीला फक्त स्पर्श करा, बसू नका. श्वास सोडत एकात वर. आठ वेळा, मग मिनिट-दीड मिनिट विश्रांती, पुन्हा आठ. गुडघे आत वळतात तेव्हा मांडीच्या बाहेरचे आणि कुल्ल्याचे स्नायू कमजोर असतात. गुडघ्यांवर पट्टा हलका बांधा आणि तो बाहेर ताणत बसा, वळण सुटतं. टाचा उचलल्या जातात तेव्हा पोटऱ्या आखडलेल्या असतात. टाचांखाली जाड पुस्तक घ्या. धप्पकन बसलं जातं तेव्हा खुर्ची फार बुटकी आहे असं समजा आणि वर उशी टाका. आणि श्वास रोखून उठू नका. दात-ओठ खात उठताना बीपी क्षणभर खूप वर जातं, आणि सीमेवरच्या माणसाने नेमकं तेच टाळायचं असतं.

मग भिंतीवरचे जोर, दोनदा आठ. मग खिडकीच्या पक्क्या गजाला पट्टा अडकवून दोन्ही कोपर मागे ओढणं, दोनदा दहा. पाठीची दोन पाती एकमेकांकडे आणायची, खांदे कानाकडे जाऊ द्यायचे नाहीत. तुमच्या मानेसाठी हाच व्यायाम सर्वांत उपयोगाचा आहे. मान कडाकडा मोडून घेण्याने किंवा जोरात गोल फिरवण्याने काही साधत नाही.

मानेसाठी आणखी एक उपाय, आणि तो ऑफिसच्या खुर्चीतही होतो. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची ही पद्धत, १९२९ पासून छापील स्वरूपात आहे. सैल सोडायचं तर आधी आवळायचं. खांदे कानाकडे उचला, निम्म्याच जोराने, पाच सेकंद. मग एकदम सोडा आणि पुढचे वीस सेकंद फक्त ते जड होताना अनुभवा. पाच वेळा. त्या वीस सेकंदांत मोबाइल हातात घेतला तर उपयोग नाही, कारण आवळलेलं आणि सैल यातला फरक ओळखायला मेंदू तिथेच शिकतो.

सूर्यनमस्कारांबद्दल विचारणा नेहमीच होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते संस्थानातल्या शाळांपर्यंत नेले, आणि महाराष्ट्रात घरोघरी लोकांना ते येतात, ही आपली मोठी ठेव आहे. पण ताणलेला माणूस नमस्कारांचीही शर्यत लावतो: दहा मिनिटांत पन्नास. मनगटं दुखतात, कंबर धरते, धाप लागते. एका स्थितीला एक पूर्ण हालचाल आणि चार-पाच सेकंद, म्हणजे बारा स्थितींचा एक नमस्कार जवळपास मिनिटात. सहापासून सुरू करा, महिन्याभरात बारा. हस्तपादासनातून (कमरेत वाकून हात पायांशी टेकवलेल्या स्थितीतून) वर येताना घाई नको. डोकं खाली असल्यावर झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. हवं तर चालण्याच्या पाचांपैकी दोन दिवस नमस्कारांना द्या.

झोपण्यापूर्वी श्वास. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, नाकाने, न रोखता. मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. एक हात पोटावर ठेवा, तोच वर-खाली व्हावा, छाती नाही. श्वास सोडताना नाडी नैसर्गिकरीत्या मंदावते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि प्राणायामाचे शरीरावरचे परिणाम उपकरणं लावून मोजायला सुरुवात केली, तेव्हापासून या विद्येकडे प्रयोगशाळेच्या नजरेनेही पाहिलं जातं. कुंभक (श्वास रोखणं) आणि जोरकस कपालभाती मात्र बीपीचा निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवा. पहाटे तीनला जाग आली तर घड्याळ बघू नका. पडल्यापडल्या हाच श्वास घ्या. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या.

वेळेचं म्हणाल तर सकाळची ६.१८ पकडायची असताना पाचला उठून व्यायाम करायला मी सांगणार नाही. तासभर झोप विकून अर्धा तास चालणं हा तोट्याचा सौदा आहे. तुमच्यासाठी संध्याकाळ बरी: डोंबिवलीला उतरलात की रिक्षाच्या रांगेत न उभं राहता कमी रहदारीच्या रस्त्याने चालत घरी, बूट ऑफिसच्या बॅगेतच. ऑफिस आणि घर यांच्यामध्ये त्या चालण्याची भिंत उभी राहते, आणि घरी पोचेपर्यंत शेवटचा फोन शरीरातून उतरलेला असतो. मोबाइलवर मेल बघत चालाल तर ती भिंत पडते. जोराचा व्यायाम झोपेच्या दोन तास आधी संपवा. दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद. कॅफिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात वेग कमी करा, दमट हवेत घाम वाळत नाही आणि त्याच वेगाला नाडी दहा-पंधराने जास्त धावते.

कुठे बिनसतं? आठवडाभर शून्य आणि रविवारी एकदम सिंहगड किंवा हरिश्चंद्रगड; मंगळवारपर्यंत मांड्या धरतात आणि ‘व्यायाम झेपत नाही’ हा निष्कर्ष निघतो. घड्याळाचे दहा हजार पावलांचे आकडे पुरे करायला रात्री अकराला हॉलमध्ये फेऱ्या मारणं, हाही ताणच. सकाळी उठताना, अंथरुणातच, नाडी मोजत जा. ती सलग तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असेल, चिडचिड वाढली असेल, झोप आणखी बिघडली असेल तर मात्रा जास्त झाली. आठवडाभर निम्म्यावर या, बंद करू नका. मार्चअखेरीला, घरात कोणी आजारी असताना हेच करायचं: दिवसाला दहा मिनिटं चालणं आणि पाच मिनिटं श्वास, बाकी सगळं माफ. त्या महिन्यात वाढवायचं काही नाही, फक्त तुटू द्यायचं नाही.

व्यायामाने ताणाचं कारण जात नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. कामाचा बोजा दोन माणसांचा असेल तर चालून तो एकाचा होत नाही. त्याबद्दल वरिष्ठांशी बोलावंच लागेल. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, सारखं रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं. १९९९ मध्ये अमेरिकेत १५६ नैराश्यग्रस्तांवर झालेल्या अभ्यासात १६ आठवड्यांनंतर व्यायाम आणि गोळी यांचा परिणाम जवळपास सारखा दिसला होता, पण ते लोक रोजच्या देखरेखीखाली नव्हे तरी नियमित गटात, शिकवणाऱ्याच्या हाताखाली व्यायाम करत होते. चालू असलेली गोळी आपल्या मनाने थांबवायला तो पुरावा वापरू नका.

आठ आठवड्यांनी बीपी पुन्हा तसंच सात दिवस मोजा. वहीत तीन रकाने पुरेत: बीपीची सरासरी, चालणं थांबल्यावर मिनिटात उतरलेली नाडी, आणि आठवड्यातून किती रात्री तीनला जाग आली. झोपेचा रकाना बहुधा आधी हलेल, बीपीचा शेवटी. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी लागेल की नाही हे ‘मला बरं वाटतंय’ यावरून ठरवण्यापेक्षा त्या तीन रकान्यांवरून त्यांना जास्त नीट ठरवता येईल.